चूक दाखवा, चेक मिळवा!

हा प्रसंग तुमच्या वर्गात कधी ना कधी घडला असेलच. सर बोर्डवर कोड लिहितायत. लूप शून्यापासून सुरू व्हायला हवं, सरांनी एकपासून सुरू केलंय. तुम्हाला दिसलंय. शेजारणीला दिसलंय. मागच्या बाकावर मान खाली घालून मोबाइल बघणाऱ्या मित्रालासुद्धा दिसलंय. पण हात कुणी वर करत नाही. ‘इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत बाबा, उगाच कशाला?’ आणि मग साठ वह्यांमध्ये ती चूक इमानेइतबारे उतरते.

आता असे एक सर डोळ्यांसमोर आणा, जे म्हणतात, ‘माझ्या पुस्तकात चूक सापडली? मला कळवा. पहिल्यांदा कळवणाऱ्याला मी पैसे देईन.’ आणि ते खरोखर देतात. एकदा-दोनदा नाही, गेली पन्नासहून अधिक वर्षं.

या सरांचं नाव डोनाल्ड कनूथ. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. एका चुकीचा दर दोन डॉलर छप्पन्न सेंट. हा असला विचित्र आकडा का? २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात. हाच आकडा हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिला की होतो बरोबर १००. शंभर सेंटचा एक डॉलर, तसा २५६ सेंटचा हा ‘हेक्साडेसिमल डॉलर’! सरांची सही असलेला हा चेक ज्यांना मिळाला, त्यातल्या अनेकांनी तो बँकेत भरलाच नाही. फ्रेम करून भिंतीवर लावला. कॉम्प्युटरच्या दुनियेत तो एखाद्या मेडलपेक्षा कमी नाही.

‘असेल सरांना हौस,’ असं म्हणून पान उलटू नका. कारण या चेकमागे एक अख्खं आयुष्य आहे. आणि त्या आयुष्याची सुरुवात झाली एका चॉकलेटच्या स्पर्धेपासून.

पोटदुखीचं सोंग आणि साडेचार हजार शब्द

कनूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरातला. वडील शाळेत हिशेबलेखन शिकवायचे आणि जोडीला छोटासा छपाईचा उद्योग चालवायचे. छपाईचं हे वेड पुढे मुलात कसं उतरलं, ते येईलच.

डोनाल्ड आठवीत असताना ‘झीगलर्स जायंट बार’ या चॉकलेटची एक स्पर्धा होती. नावातली अक्षरं वापरून जास्तीत जास्त इंग्रजी शब्द तयार करायचे. पोरानं पोटदुखीचं सोंग केलं आणि दोन आठवडे घरी बसून जाडजूड डिक्शनरी पालथी घातली. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत अडीच हजारांच्या आसपास शब्द होते. डोनाल्डनं साडेचार हजार काढले! शाळेला टीव्ही मिळाला आणि वर्गातल्या प्रत्येकाला चॉकलेट. गंमत म्हणजे नंतर त्याच्या लक्षात आलं, की नावात वरचा स्वल्पविरामही होता. तो वापरला असता तर आणखी शब्द निघाले असते. जिंकल्यावरसुद्धा आपलं काय राहिलं, हे शोधायची सवय तेव्हापासूनची.

‘आपण नापास होणार’

इतका हुशार मुलगा कॉलेजात आला असेल तो छाती काढूनच, असं वाटतं ना? चूक. १९५६ साली स्कॉलरशिप घेऊन तो क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये फिजिक्स शिकायला आला, तो पोटात गोळा घेऊन. आपल्याला इथलं झेपणार नाही, ही धास्ती. त्यावर उपाय त्यानं साधाच काढला. कॅल्क्युलसच्या पुस्तकातली सम क्रमांकाची गणितं होमवर्कला असायची, हा विषम क्रमांकाचीही सोडवायचा. म्हणजे सगळीच. सुरुवातीला भयंकर वेळ लागला. पण काही महिन्यांत हात असा बसला, की इतरांना अर्धी गणितं सोडवायला लागायचा तेवढ्या वेळात याची सगळी व्हायला लागली.

फिजिक्स मात्र टिकलं नाही. घात केला वेल्डिंगच्या प्रॅक्टिकलनं. कनूथ उंच, चष्मा जाड, टेबल बुटकं आणि समोर ठिणग्या. काही केल्या जमेना. दुसऱ्या वर्षी गणिताच्या सरांनी एक अवघड प्रश्न घातला आणि जो सोडवेल त्याला थेट ‘ए’ ग्रेड, असं जाहीर केलं. कनूथ कॉलेजच्या बँडमध्ये होते. मॅचला निघालेली बँडची बस चुकली, दिवस मोकळा मिळाला आणि वेळ घालवायला घेतलेला तो प्रश्न सुटला. फिजिक्स सुटलं, गणित आलं. ब्रँच बदलावी की नाही यावर रात्र-रात्र डोकं खाणाऱ्यांनो, हे लक्षात असू द्या.

याच कॉलेजात आयबीएम ६५० नावाचा खोलीभर कॉम्प्युटर आला. कनूथनी त्याचं मॅन्युअल वाचलं आणि त्यातला नमुन्याचा प्रोग्राम बघून त्यांना वाटलं, ‘अरे, हे तर आपण यापेक्षा बरं लिहू!’ ते स्वतःच सांगतात, की मॅन्युअलमधला प्रोग्राम चांगला असता तर कदाचित आपण या क्षेत्रात आलोच नसतो. छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार, असं त्यांनी धरून चाललं नाही. सगळ्याची सुरुवात इथं आहे.

मग रात्ररात्र त्या मशीनपाशी मुक्काम. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे ते मॅनेजर होते, तर प्रत्येक खेळाडूची मॅचमधली खरी किंमत काढणारा प्रोग्राम लिहिला. त्याची बातमी ‘न्यूजवीक’पर्यंत पोचली. १९६० साली केसनं त्यांना पदवी दिली आणि त्याच वेळी मास्टर्सचीही. पुढे १९६३ मध्ये कॅल्टेकमधून गणितात पीएचडी.

बारा प्रकरणांचं छोटंसं पुस्तक

जानेवारी १९६२. कनूथ चोवीस वर्षांचे, पीएचडी सुरू. ॲडिसन-वेस्ली या प्रकाशनसंस्थेनं विचारलं, ‘कंपायलरवर एक पुस्तक लिहाल का?’ गडी खूश. घरी येऊन त्यांनी एका कागदावर बारा प्रकरणांची नावं लिहून काढली. लिहायला बसल्यावर कळलं, की कंपायलर समजवायचा तर आधी सॉर्टिंग समजवायला हवं, सर्चिंग हवं, त्याआधी डेटा स्ट्रक्चर्स हवीत आणि त्याच्याही आधी गणित. त्या काळी ‘कॉम्प्युटर सायन्स’ हा विषयच नीट आकाराला आलेला नव्हता. वेगवेगळ्या मासिकांत, टिपणांत सगळं विखुरलेलं. त्यातलंही बरंचसं चुकीचं. कनूथ एकेक गोष्ट तपासत, नव्यानं सिद्ध करत पुढे जात राहिले.

१९६५ पर्यंत हातानं लिहिलेली तीन हजार पानं तयार! त्यांचा हिशेब असा, की आपली पाच पानं म्हणजे छापील एक. म्हणजे सहाशे पानांचं पुस्तक, काही फार नाही. प्रकाशकांनी मोजून सांगितलं, ‘साहेब, तुमची दीड पानं म्हणजे छापील एक. पुस्तक दोन हजार पानांचं होतंय.’ ॲल्गोरिदम कितीदा चालेल याचं अचूक गणित जगाला शिकवणाऱ्या माणसाचा स्वतःच्या पुस्तकाचा अंदाज असा साफ कोसळला. मग ठरलं, सात खंड करायचे.

‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड आला १९६८ मध्ये, दुसरा १९६९ मध्ये, तिसरा १९७३ मध्ये. पहिला खंड त्यांनी अर्पण केला तो कॉलेजातल्या त्या आयबीएम ६५० मशीनला, तिच्या सोबतीत घालवलेल्या संध्याकाळींची आठवण म्हणून. १९७४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तुम्ही ‘डीएए’ला ‘बिग ओ’ची गणितं करता ना? प्रोग्राम ‘फास्ट वाटतो’ असं न म्हणता किती पायऱ्या लागतील ते मोजून सांगायचं, ही शिस्त या विषयात रुजवण्यात कनूथ यांचा वाटा सर्वांत मोठा. स्ट्रिंग मॅचिंगच्या ‘केएमपी’ ॲल्गोरिदममधला ‘के’ म्हणजे हेच. बिल गेट्स यांनी तर म्हटलं होतं, हे पुस्तक पूर्ण वाचून झालं असेल तर तुमचा बायोडेटा मला पाठवा. प्लेसमेंटची इतकी सरळ आणि इतकी अवघड अट दुसरी नसेल!

पण हे फुकट मिळालं नाही. शिकवणं, संशोधन, संपादन आणि पुस्तक असं सगळं एकदम ओढताना १९६७ मध्ये अल्सरनं त्यांना हॉस्पिटलात पोचवलं. तेव्हा त्यांनी बरीच संपादकीय कामं सोडून दिली. जास्त करायचं असेल तर आधी काहीतरी कमी करावं लागतं, हा धडा त्यांनी अंगावर आल्यावर घेतला. तुम्ही त्याआधी घ्या.

एका वर्षाचं काम, दहा वर्षं

आता वडिलांच्या छपाईकडे येऊ. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं हातात आली आणि कनूथ हबकले. जुनी आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली, देखणी. आता प्रकाशक फोटो-टाइपसेटिंगकडे वळले होते आणि गणिताची पानं बघवत नव्हती. दुसरा कुणी असता तर प्रकाशकाला चार शब्द सुनावून गप्प बसला असता. यांनी ठरवलं, अक्षरं शेवटी शून्य आणि एकनंच बनतात ना? मग हा आपला प्रांत. छपाईचा प्रोग्राम आपणच लिहू. फार तर एक वर्ष!

गेली दहा वर्षं. पण त्यातून तयार झाला ‘टेख’. त्याच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी रचलेलं ‘लाटेख’ तुम्ही प्रोजेक्ट रिपोर्टसाठी ओव्हरलीफवर वापरत असाल, कदाचित शिव्या घालत. आज जगभरातले गणित-फिजिक्सचे पेपर यावर तयार होतात. विकिपीडियावरची समीकरणं याच पद्धतीनं लिहिली जातात. नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यात देवनागरीचीही सोय केली.

यातली एक करामत तुम्हाला नक्की आवडेल. साधा वर्ड प्रोसेसर ओळ भरत जातो. शब्द मावला तर ठीक, नाहीतर पुढच्या ओळीत. म्हणजे ग्रीडी पद्धत. त्यामुळे एखादी ओळ गच्च होते, तर एखादीत फटीच फटी. कनूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी अख्ख्या परिच्छेदाचा एकत्र विचार केला. प्रत्येक ओळीच्या ‘वाईटपणा’ला मार्क द्यायचे आणि सगळ्या परिच्छेदाची मिळून बेरीज कमीत कमी येईल अशा जागी ओळी तोडायच्या. हे झालं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. परीक्षेसाठी घोकलेलं हे प्रकरण तुमच्या रिपोर्टच्या प्रत्येक पानावर मुकाट्यानं काम करत असतं.

अक्षरं काढण्यासाठी त्यांनी ‘मेटाफॉन्ट’ नावाचा आणखी एक प्रोग्राम लिहिला. त्यात इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या वळणानं दिवसचे दिवस छळलं. पत्नी जिल यांनी बघितलं आणि सुचवलं, ‘त्याला ‘एस’च्या आकाराचं का करत नाहीस?’ शेवटी त्या एका अक्षरावर कनूथनी अख्खा लेख लिहिला.

चुकांची वही

खरी गोष्ट आता सुरू होते. ‘टेख’ लिहिताना सापडलेली प्रत्येक चूक, केलेली प्रत्येक दुरुस्ती कनूथ नोंदवून ठेवत होते. आपण काय करतो? रात्री दोनला बग सापडतो, कपाळावर हात मारतो, दुरुस्त करतो आणि कुणाला कळू देत नाही. कनूथनी ती सगळी यादी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली! नुसती यादी नाही, तर वर्गवारी करून, पंधरा प्रकारांत. विचारच चुकला तो एक प्रकार, करायचंच विसरलो तो दुसरा, असं कुणी वागेल हे डोक्यातच आलं नव्हतं तो तिसरा, किरकोळ टायपो वेगळा. आणि एक प्रकार चक्क निव्वळ गाढवपणाचा. ट्युरिंग पुरस्कार मिळालेला माणूस चारचौघांत सांगतो, की ही अमुक चूक माझ्या गाढवपणामुळे झाली.

प्रोग्रामचा पूर्ण सोर्स कोडही त्यांनी पुस्तक म्हणून छापला. पेटंट घेतलं नाही. कुणीही वाचावं, वापरावं, चुका काढाव्यात. ‘टेख’मधल्या चुकीचं बक्षीस दरवर्षी दुप्पट करत नेलं. २.५६ डॉलरपासून निघालेली रक्कम ३२७.६८ डॉलरवर नेऊन थांबवली. ही पैज लावायला केवढा आत्मविश्वास लागतो बघा! आपल्या कामात चुका आहेत हे मान्य करणारा आणि आता फारशा उरल्या नाहीत असं पैशांनिशी सांगणारा माणूस एकच आहे. चुका लपवल्या असत्या तर हा आत्मविश्वास आला नसता.

या प्रोग्रामच्या आवृत्तीचा आकडाही गमतीशीर आहे. ३.१४, मग ३.१४१ असं करत तो ‘पाय’च्या दिशेनं सरकतो. सध्या ३.१४१५९२६५३. कनूथनी सांगून ठेवलंय, की आपल्या मृत्यूनंतर आवृत्ती थेट ‘पाय’ होईल आणि त्यानंतर जो बग सापडेल, तो बग नसून फीचर समजावा!

२००८ मध्ये चेकचा गैरवापर होण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा त्यांनी खरे चेक थांबवले. त्याऐवजी ‘सान सेरिफे’ या अस्तित्वातच नसलेल्या देशाच्या बँकेतल्या ठेवीचं प्रमाणपत्र ते देऊ लागले. पैसे खोटे, मान मात्र खराच.

इनबॉक्स बंद

१ जानेवारी १९९० पासून कनूथ ई-मेल वापरत नाहीत. पंधरा वर्षं वापरली, तेवढी पुरे, असं त्यांचं म्हणणं. काही लोकांचं काम जगात काय चाललंय याच्या पुढे राहण्याचं असतं, आपलं काम गोष्टींच्या मुळाशी जाण्याचं आहे आणि त्यासाठी सलग, अखंड वेळ लागतो, अशी त्यांची भूमिका. पुस्तकासाठी त्यांनी लवकर निवृत्ती घेतली, तेव्हा विद्यापीठानं त्यांना ‘प्रोफेसर एमेरिटस ऑफ द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ असं खास पदच दिलं. अठ्ठावीस जणांना पीएचडी करवून ते थांबले. कारण? २८ ही गणितातली ‘परिपूर्ण’ संख्या! घरात मोठा पाइप ऑर्गन आहे. ऐंशीव्या वाढदिवशी, २०१८ मध्ये, त्यांनी ऑर्गनसाठी रचलेली दीर्घ रचना स्वीडनमध्ये पहिल्यांदा वाजवली गेली.

चौथ्या खंडाचा पहिला भाग आला तो थेट २०११ मध्ये. तिसऱ्या खंडानंतर अडतीस वर्षांनी! या भागात कनूथ सगळे क्रम, सगळ्या जुळण्या एकेक करून कशा काढायच्या, याचा इतिहास सांगतात. आणि तिथे आपल्या मातीतलं एक नाव भेटतं. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारे शार्ङ्गदेव. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेले. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला, सहलीला जाऊन तुम्ही रील केलेला. सुरांचे सगळे क्रम न चुकता, न गाळता ओळीनं कसे मांडायचे, याचे नियम शार्ङ्गदेवांनी दिले आहेत. फिबोनाचीच्या आधी तीच संख्यामालिका हेमचंद्रांना माहीत होती, हेही कनूथ पहिल्या खंडात नोंदवतात. ‘आमच्याकडे सगळंच होतं’ असा फॉरवर्ड ढकलणं सोपं असतं. कोणी, कुठल्या ग्रंथात, नेमकं काय म्हटलंय हे तपासून श्रेय देणं, याला कष्ट लागतात.

चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ मध्ये आला. पाचवा, सहावा, सातवा अजून बाकी आहेत. चोविसाव्या वर्षी एका कागदावर लिहिलेल्या बारा प्रकरणांपैकी सातव्या प्रकरणावर हा माणूस नव्वदीच्या उंबरठ्यावर काम करतोय. सगळं पूर्ण होईल? बहुधा नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक असणार. तरी मागचे खंड ते तपासतात, वाचकांनी कळवलेल्या चुका दुरुस्त करतात. घाईनं सात संपवण्यापेक्षा जे झालंय ते बरोबर असणं त्यांना जास्त मोलाचं वाटतं.

तुमच्या वहीचं शेवटचं पान

सगळ्यांनी ई-मेल बंद करून कनूथ व्हावं, असं कुणी म्हणत नाही. प्लेसमेंट सेलचा मेल तुम्ही बघितलाच पाहिजे! शिवाय आज असाइनमेंटचा कोड एआयकडून मिनिटात मिळतो आणि बऱ्याचदा चालतोही. प्रश्न तो चालत नाही तेव्हाचा आहे. जी चूक आपण केलीच नाही ती आपल्याला सापडत नाही, आणि जी लपवली तिच्यातून काही शिकता येत नाही.

म्हणून एवढंच करून बघा. जर्नलच्या शेवटच्या पानापासून उलटी सुरुवात करा. तारीख टाका, चूक लिहा आणि ती कुठल्या प्रकारची ते लिहा. घाई, गैरसमज, विसर, गाढवपणा. लाजू नका, ते पान तपासायला द्यायचं नाहीये. एका सेमिस्टरनंतर उघडून बघा. आपण नेमके कुठे आणि कसे चुकतो, हे कुठल्याही क्लासपेक्षा ते पान तुम्हाला जास्त स्पष्ट सांगेल.

इंटरव्ह्यूत एचआर विचारतातच, ‘तुमची एखादी चूक सांगा.’ तेव्हा ‘सर, मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे’ हे पाठ केलेलं उत्तर पुढच्या-मागच्या दहा जणांनीही दिलेलं असतं. तुमच्याकडे मात्र तारीखवार यादी असेल.

आणि उद्या बोर्डवर लूप एकपासून सुरू झालं, तर हात वर करा. चेक मिळणार नाही. पण साठ वह्यांमधली एक चूक तरी कमी होईल.